चौसाळकरांचा डावा हात

चौसाळकर साहेबांचा डावा हात मी पुरता असा तीनदाच पाहिला. एरवी तो कायम पँटच्या खिशात. हजेरीला, कँटीनमध्ये, मॅनेजरसाहेबांपुढे उभे असताना, एवढंच काय, झेंडावंदनालाही. नवीन माणसाला ते हमखास उर्मट वाटायचे. आमच्या एका कारकुनाने तर त्यांचा तो हात अधू आहे असं ठरवूनच टाकलं होतं. ते येताना दिसले की तो धावत जाऊन दार उघडून धरायचा, आणि साहेबही काही न बोलता आत जायचे.

खरं कारण त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. विजेपाशी काम करणाऱ्याने एकच हात पुढे करावा. दोन्ही हात लागले तर वीज एका हातातून शिरते, दुसऱ्यातून बाहेर पडते, आणि त्या वाटेवर काळीज असतं.

"सवय कामापुरती ठेवली तर ऐन कामाच्या वेळी विसरते, बाई," ते म्हणाले. "म्हणून जेवतानाही ठेवायची."

मी तेव्हा पिंपरीजवळच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होते. एकोणीसशे पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. रुळांच्या अलीकडे आमची शेड, पलीकडे बाजरीची शेतं, आणि मधून बैलगाड्यांचा रस्ता, असा तो भाग होता. विजेच्या खांबांवर तारा ज्यांना बांधतात ते चिनी मातीचे पांढरे कप आमच्याकडे बनायचे. लहान कप भट्टीतून निघाले की पेट्यांत भरले जायचे. मोठ्या लाइनीचे मात्र आधी एका उंच, बिनखिडक्यांच्या हॉलमध्ये नेऊन त्यांच्यावर वीज पाडायची. टिकले तर पास. आभाळातली वीज कधी पडेल सांगता येत नाही, म्हणून इथे ती माणसाने बनवलेली. कामगार त्या हॉलला वीजघर म्हणायचे. चौसाळकर वीजघराचे प्रमुख होते.

टेस्टच्या वेळी नर्सने स्ट्रेचर घेऊन दाराशी उभं राहायचं असा नियम होता. मी यादी करणारी बाई आहे. दाराच्या आतल्या बाजूला माझी यादी टाचलेली असायची: घोंगडी, मलमपट्टी, स्पिरिट, कात्री, गरम पाण्याची पिशवी. एकेक वस्तूवर बोट ठेवून झालं की मला करण्यासारखं काही उरायचं नाही, आणि मग भीती वाटायला लागायची. ती शेवटपर्यंत गेली नाही.

जाळीच्या पिंजऱ्यात ते यंत्र होतं. काळ्या टाक्या एकावर एक रचलेल्या, दीड पुरुष उंच, आणि मधेमधे पितळी गोळे. साहेब सांगायचे, टाक्या म्हणजे घागरी समजा. प्रत्येक घागर वेगळी, सावकाश भरायची. मग सगळ्या एकमेकींना जोडून एकदम पालथ्या करायच्या. भरताना नुसती बारीक घुमघुम यायची. मग भोंगा व्हायचा, लाल दिवा लागायचा, साहेब उजव्या हाताच्या अंगठ्याने बटण दाबायचे आणि कपाच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत एक निळी-पांढरी फांदी क्षणभर उभी राहायची. मला दर वेळी वाटायचं, ती माझ्याकडे बघून गेली. मागून विजेचा तो वास यायचा, उन्हात वाळवलेल्या चादरीसारखा, पण घशाला टोचणारा.

आवाज मात्र गडगडाटाचा नाही. कानाशी बंदूक झाडावी तसा एकच फटका. मी विचारलं तर साहेब म्हणाले, "आभाळातली बर्क कोसभर लांब असते. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी येतो, लांबच्या टोकाचा मागून. म्हणून ती गडगडते. आपली हातभर. तिला गडगडायला जागाच नाही."

ते मूळचे बीडकडचे. हैदराबाद संस्थानात उर्दूतून इंजिनिअर झालेले. त्यामुळे विजेला 'बर्क' म्हणायचे, आणि यंत्र बंद की चालू हे विचारायची त्यांची पद्धतही त्यांचीच होती. टेस्ट झाली, वीज तोडली, तरी पिंजऱ्यात कुणी पाऊल टाकायचं नाही. लांब बांबूची एक काठी होती. तिच्या टोकाला तांब्याचा आकडा, आकड्याला जाड तार, आणि तारेचं दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या पट्टीला जोडलेलं. मुकादम सोपानने ती काठी खालपासून वरपर्यंत प्रत्येक टाकीला लावायची, शेवटी आकडा वरच्या गोळ्यात अडकवून तिथेच ठेवायचा. मग साहेब दारातून विचारायचे, "जिंदा की मुर्दा?"

"मुर्दा, साहेब."

एवढं झालं की मग माणसं आत.

नव्या माणसाला ते याचं कारण डोळ्यांनी दाखवायचे. मलाही दाखवलं. वीज तोडलेली, आकडा लावून टाक्या रिकाम्या केलेल्या. आकडा काढून घेतला आणि मला बाकावर बसवून चहा पाजला. चहा झाल्यावर तीच काठी परत टाकीजवळ नेली. कडकन ठिणगी उडाली. माझ्या हातातली बशी पडली.

"मेलं नव्हतं," साहेब म्हणाले. "झोपलं होतं. टाकीच्या पोटात थोडी बर्क मुरून राहते. आकडा काढला की ती हळूहळू वर येते. आकडा आहे तोवरच मुर्दा."

सोपानने बशीचे तुकडे गोळा केले. "साहेब परत्येकाची येक बशी फोडत्यात," तो मला म्हणाला. "तुमची सस्त्यात गेली. माझी घरनं आणल्याली व्हती."

सोपान चिंचवड गावठाणातला, पंचेचाळिशीचा, घरची शेती भावावर टाकून कारखान्यात आलेला. साहेबांची थट्टा करायची परवानगी फक्त त्यालाच होती. तुमची वीज लई शिस्तीची, भोंगा झाल्याबिगर पडत न्हाई, असं तो म्हणायचा. गावात त्याला बोलणी बसायची. तुमी आभाळाला चिडवताय, एक दिवस ते उत्तर दील, असं चावडीवर लोक म्हणत.

आणि एका वैशाखात वळवाच्या आभाळाने उत्तर दिलंच, पण कारखान्याला नाही. रुळांपलीकडच्या शेतात आंब्याखाली थांबलेल्या एका शेतकऱ्यावर वीज पडली. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्याभोवती माणसांचं रिंगण होतं. सगळे हातभर लांब. त्याच्या अंगात अजून वीज आहे, शिवेल त्याला ओढील, असं प्रत्येकाला वाटत होतं. त्याची बायकोसुद्धा पदर तोंडात धरून रिंगणातच उभी होती. साहेब सरळ आत शिरले, गुडघ्यावर बसले आणि त्याला पालथं करून त्यांनी पाठ दाबायला सुरुवात केली. नंतर मी. उपयोग झाला नाही. फार उशीर झाला होता.

परतताना साहेब माझ्याशी एवढंच बोलले, "यंत्रात राहते. माणसात राहत नाही. लोक नेमकं उलटं समजतात."

दुसऱ्या दिवसापासून वीजघरातल्या प्रत्येकाला पाठ दाबून श्वास आणायची पद्धत त्यांनी मला शिकवायला लावली. सतरंजीवर पालथं पडायला सोपानच असायचा. मी दाबलं की तो मुद्दाम घोरायचा.

आता त्यांच्या पायाबद्दल. प्रत्येक टेस्टच्या आधी साहेब दवाखान्यात यायचे, घड्याळ काढायचे, आणि बूट-मोजा उतरवून उजव्या पायाच्या अंगठ्यातलं तांब्याचं वेढं काढायचे. दोन्ही वस्तू माझ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये ठेवायचे. अंगावर धातू नको म्हणून. टेस्ट झाली की वेढं परत बोटात. मी कधी विचारलं नाही. एकदा त्यांनी आपण होऊन सांगितलं, "मायची इच्छा." त्याच्यापुढे काही नाही.

पुढचं त्यांच्या आईनेच सांगितलं. साहेबांचं लग्न झालेलं नव्हतं. त्या वर्षी आषाढात त्यांनी आईला गावाहून आणून कारखान्याच्या क्वार्टरमध्ये ठेवलं. बारीक, काटक बाई. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. दिवसा धीट, पण आभाळ भरून आलं की त्या दुसऱ्याच होऊन जायच्या. वीज घरावर येऊ नये म्हणून कोयता अंगणात फेकायच्या, दारं लावायच्या, आणि साहेब घरी असतील तर त्यांना माजघरात बसवून स्वतः उंबऱ्यात बसायच्या. चाळिशीला आलेला इंजिनिअर गुपचूप आत बसून राहायचा. वीज चमकली की आतूनच मोठ्याने मोजायचा, म्हणजे आईला ऐकू जावं. गडगडाट येईपर्यंत पाच मोजले तर वीज मैलभर लांब. "दहा झाले, माय. दोन मैल आहे." काकू मोजायच्या नाहीत. त्या देवाचं नाव घ्यायच्या.

"पायाळू हाय माझं लेकरू," नळावर त्यांनी बायकांना सांगितलं. "पायाकडून जन्मलेलं. त्याच्यावर इजंचा डोळा असतो. म्हणून तर पायात तांब्याचं वेढं. जन्मल्यापासून मी त्याला झाकून ठेवायलेय, अन् ह्यानं धंदा बी तोच काढला."

नळावरची गोष्ट संध्याकाळपर्यंत वीजघरात पोचली. पायाळू माणसावर वीज पडते हे तिथल्या प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेलं. दुसऱ्या दिवशी टेस्टच्या वेळी माणसं साहेबांपासून थोडी लांब उभी राहिली. शेतातलं ते रिंगण मला आठवलं. सोपान तेवढा लांब गेला नाही. तो जवळ जाऊन म्हणाला, साहेब, तुमी बाहीर खुर्चीवर बसत चला, बटण आमी दाबतो.

"आभाळाला माझी जन्मपत्रिका कशी कळणार, सोपान?"

"आभाळाला न्हाई कळायची. पर ह्या यंत्राला? ते रोज तुमाला बघतंय."

मला वाटलं, साहेब हसतील. ते हसले नाहीत. पिंजऱ्याकडे पाहत राहिले, आणि मग भोंग्यासाठी हात वर केला. त्या दिवसापासून माझी यादी तपासून झाली की मी त्यांच्या पायांकडे बघायला लागले.

तीन महिने असेच गेले. मग खंडेनवमी आली.

कारखान्यात खंडेनवमी म्हणजे मोठा दिवस. यंत्रं धुवायची, हत्यारं घासून पांढऱ्या चादरीवर मांडायची, हळदकुंकू वाहायचं. एकदा पूजेला बसलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही. त्या सकाळी वीजघरात एक टेस्ट घ्यावीच लागली, कारण माल दुपारच्या गाडीने जायचा होता. टेस्ट झाली. वीज तोडली. सोपानने आकडा अडकवला. "जिंदा की मुर्दा?" "मुर्दा, साहेब." साहेबांनी वेढं बोटात घातलं आणि आम्ही मोठ्या शेडमध्ये पूजेला गेलो. वीजघराची फरशी बादल्यांनी धुतली गेली. चपला-बूट सगळ्यांचे बाहेर.

पूजा झाली, आरती झाली. साहेब माझ्या पुढ्यात उभे होते, अनवाणी, डावा हात खिशात. उजव्या हाताने त्यांनी पेढा घेतला. सहज त्यांची नजर चादरीवरून फिरली. पाने, पकडी, हातोडे, कानशी. आणि सगळ्यांच्या पुढे, मधोमध, घासून लखलखीत केलेला तांब्याचा आकडा, बांबूला कुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल.

पेढा त्यांच्या हातातून पडला. "सोपान कुठाय?" ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता.

कुणीतरी सांगितलं, यंत्राला हार घालायला गेलाय. साहेब पळाले. मी त्यांच्या मागे.

सोपानने आकडा काढून पूजेत का मांडला ते मला नंतर समजलं. ती ठिणगी त्याने कितीतरी वेळा पाहिली होती, पण ते कामाचे दिवस. साहेब पायाळू आहेत हे कळल्यापासून त्याच्या मनाने घेतलं होतं की साहेबांना राखणारी वस्तू एकच, ती काठी. मग पूजेत पहिला मान तिचा. वीज तोडलेली, यंत्र धुतलेलं, सणाचा दिवस. पूजेला मांडलेलं यंत्र माणसाला मारील हे त्याच्या मनातच आलं नाही.

पिंजऱ्याचं दार उघडं होतं. ओल्या फरशीवर सोपान यंत्रापाशी उभा होता. हातात झेंडूचा भला मोठा हार, बादलीतल्या पाण्याने निथळत असलेला. वरच्या गोळ्यावर टाकण्यासाठी तो टाचा उंचावत होता.

साहेब दारात थांबले. झोपेत चालणाऱ्याला हाक मारावी तसे हळू म्हणाले, "सोपान. जिंदा की मुर्दा?"

"मुर्दा की, साहेब," सोपान मागे न बघता म्हणाला. "मगाशीच तर..." आणि त्याने वर पाहिलं. गोळ्यात आकडा नव्हता. त्याचा हात हवेत तसाच राहिला.

"हलू नको," साहेब म्हणाले.

ते आत गेले. त्यांनी डावा हात खिशातून काढला. दोन्ही हातांनी सोपानला कमरेला धरलं आणि मागे खेचलं. सोपान बाहेर जाऊन पडला, पण खेचताना हार त्याच्या हातातून सुटून वर उडाला होता. त्याचं एक टोक गोळ्यावर पडलं. दुसरं साहेबांच्या खांद्यावर.

तोच फटका. फक्त भोंगा झाला नव्हता.

शेडमधली माणसं पिंजऱ्याभोवती येऊन उभी राहिली. आत साहेब कुशीवर पडले होते, डावा हात पुढे पसरलेला. पांढरा हात, आत राहून राहून बाईच्या हातासारखा मऊ दिसणारा. कुणी आत जाईना. "पायाळू," मागून कुणीतरी पुटपुटलं. मी पुढे झाले तसं एकाने माझा दंड धरला. त्याचं चुकलं नव्हतं. बाकीच्या टाक्यांत काय शिल्लक होतं कुणाला ठाऊक.

सोपान उठला आणि उलट्या दिशेने पळत सुटला. मला वाटलं, घाबरला.

तो काठी घेऊन आला. दसऱ्याआधी पूजेतून उचललेली. भटजी काही म्हणत होते, त्याने ऐकलं नाही. तारेचं टोक पट्टीला जोडलं आणि शिकवल्याप्रमाणे खालपासून वरपर्यंत एकेका टाकीला आकडा लावला. दोन ठिकाणी ठिणगी उडाली. डावा हात त्याने खाकी पँटच्या खिशात घातला होता. शेवटी आकडा गोळ्यात अडकवला. विचारणारं कुणी नव्हतं.

"मुर्दा," सोपान स्वतःच मोठ्याने म्हणाला.

मग त्यानेच साहेबांच्या काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं. शिवायला पहिला तोच. आम्ही त्यांना पालथं केलं. पाठ दाबायची, सोडायची, कोपरं उचलायची. मी दमले की सोपान, सोपान दमला की मी. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. शेवटी साहेबांचा श्वास आला. आधी घुसमटल्यासारखा, मग खोकल्यासारखा. सोपानने फरशीवर कपाळ टेकलं.

काकूंना कुणीतरी घेऊन आलं होतं. त्यांनी मुलाच्या छातीवर हात ठेवून पाहिलं. मग पायाकडे गेल्या. वेढ्याखालचं बोट काळंनिळं पडलं होतं. अनवाणी, ओल्या फरशीवर. वीज तिथून जमिनीत गेली होती, हे मला समजत होतं. काकूंनी ते वेढं हळूच काढून कनवटीला खोचलं.

"पडली एकदाची," त्या म्हणाल्या. "आता नाही पडत."

आणि खरोखर, त्या दिवसापासून त्यांचं भेव गेलं. दसऱ्यानंतर परतीचे ढग दोनदा गडगडले. त्यांनी कोयता फेकला नाही, दार लावलं नाही. अंगणात पाटावर बसून त्या तांदूळ निवडत राहिल्या.

साहेब महिनाभराने कामावर आले. काठीला त्यांनी साखळी लावून घेतली, पिंजऱ्यातून बाहेर जाऊच नये अशी. सोपानला एका शब्दाने बोलले नाहीत. सोपान मात्र त्यांच्यासमोर पुन्हा कधी थट्टा करू शकला नाही. मग टेस्टचा दिवस आला. घड्याळ माझ्या ट्रेमध्ये. टाक्या भरल्या, भोंगा झाला, लाल दिवा लागला. साहेबांचा अंगठा बटणावर होता. घुमघुम चालूच राहिली. मी दारातून पाहत होते. घाम त्यांच्या मानेवरून कॉलरमध्ये उतरत होता.

"सोपान," शेवटी ते म्हणाले, "तू दाब."

थंडीभर त्यांनी प्रयत्न केला. अंगठा बटणापर्यंत जायचा आणि थांबायचा. वैशाखात त्यांनी राजीनामा दिला. औरंगाबादेत शिकवायची नोकरी मिळाली होती, फळा आणि खडूची.

सोपान आणि मी चिंचवड स्टेशनवर पोचवायला गेलो. दोन ट्रंका, एक वळकटी, पाण्याचा तांब्या. मी वस्तू मोजून घेतल्या. देहूच्या बाजूने आभाळ काळं होऊन येत होतं. सोपान ट्रंकेवर बसला होता. साहेब पत्र्याखाली, भिंतीला टेकून उभे होते. काकू फलाटाच्या उघड्या टोकाशी.

वीज चमकली. सवयीने मी मनात मोजायला लागले, आणि साहेबांच्या ओठांकडे पाहिलं. ते मिटलेले होते. डोळेही.

काकू चालत आल्या. त्यांनी मुलाच्या खिशात हात घातला, त्याचा डावा हात बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. मग मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं, मोजायला लागल्या. "तीन. चार. पाच." आभाळ गडगडलं नाही. "सहा. सात."

मग गडगडलं.

"लांब हाय, लेकरा," काकू म्हणाल्या. "मैलाच्या वर हाय."